विरजणाची परीक्षा: पाकीट, पुडी, देठ आणि दह्याचं यंत्र

मराठीत रंगाचा बेरंग होतो, दुधात मिठाचा खडा पडतो, ऐन वेळी माशी शिंकते. पण सगळ्यात जास्त वेळा पडतं ते विरजण. सहलीच्या आदल्या रात्री पाऊस कोसळला की उत्साहावर विरजण, शेवटच्या षटकात सामना हातचा गेला की आनंदावर विरजण. गच्चीवर गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या असताना ‘उद्या पाणी साडेपाचलाच जाणार आहे हं’ असं सांगणारे एक काका प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना पाठीमागे विघ्नसंतोषी म्हणतात आणि तोंडावर, हसत, ‘घातलंत ना काका विरजण!’

शब्दाला हा अर्थ का चिकटला असावा, ते पातेल्याकडे पाहिलं की लक्षात येतं. आनंद उतू जातो, उत्साह उतू जातो, तो दुधासारखा. विरजलेलं दूध मात्र पुन्हा उतू जात नाही. गॅसवर ठेवलं तर फाटतं. एका चमच्यानं पातेलंभर दुधाचा स्वभाव बदलतो आणि परतीची वाट बंद होते. गंमत अशी की हीच मंडळी परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही ठेवतात. विरजण तेवढं वाईट आणि त्याचं दही शुभ, असा हा उलटा न्याय.

विरजण आता विकतही मिळतं, आणि ते ऊबदार ठेवायला विजेवर चालणारं यंत्रही. म्हणून घरचं कालचं दही, दुकानातलं पाकीटबंद दही, कोरड्या विरजणाची पुडी, हिरव्या मिरचीचे देठ आणि दही लावायचं यंत्र, अशी पाचांची ही पारख. दही किती तासांत लागतं, चमचा घातल्यावर कड धरतं का, पाणी किती सुटतं, फ्रिजमध्ये आंबटपणा किती दिवस आवरून राहतो, हे तर पाहायचंच. पण खरी कसोटी वेगळी: त्याच दह्यातला चमचा पुढच्या दुधाला लावला तर काय होतं? पहिल्या खेपेला जवळपास सगळ्यांचंच दही लागतं. तिसऱ्या खेपेला बिंग फुटतं.

आधी दुधाचं बोलू, कारण विरजणाला दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या दुधाच्या वाट्याच्या असतात. म्हशीच्या किंवा ६ टक्के फॅटच्या फुल क्रीम दुधाचं दही घट्ट लागतं, गायीच्या दुधाचं मऊ, आणि शेळीच्या दुधाचं सैलच राहतं; त्यात केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाची घडण वेगळी असते, विरजण काही करू शकत नाही. ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधाचं दही कवडीसारखं हवं असेल तर लिटरमागे दोन-तीन मोठे चमचे दूध पावडर कोमट दुधात नीट विरघळवून घालावी. टेट्रापॅकचं दूध चालतं, पण दही जरा लिबलिबीत होतं.

पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, मग पुन्हा कशाला तापवायचं, असं म्हणून थेट विरजण लावणारे बरेच आहेत. दही लागतं, पण पातळ. दूध ८५ अंशांवर अर्धा तास किंवा ९०-९५ अंशांवर पाचेक मिनिटं राहिलं की त्यातली निवळीची (व्हे) प्रथिनं उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. मग दही लागताना जी जाळी बनते ती पाणी धरून ठेवते. म्हणून उकळी आली की गॅस बंद न करता मंद आचेवर आठ-दहा मिनिटं राहू द्यावं, मधून मधून ढवळत. तळ लागला तर तो खरवडायचा नाही; करपट वास सगळ्या दह्यात उतरतो आणि तो कुठल्याही विरजणानं जात नाही.

आता विरजण. हे जिवंत जिवाणू असतात. ते दुधातली साखर, म्हणजे साधारण साडेचार-पाच टक्के असणारं लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. ताज्या दुधाचा सामू ६.६-६.७ असतो, तो उतरत उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीन पूर्ण गोळा होतं. एवढंच दही लागणं. पण यांच्यात दोन घराणी आहेत, आणि पुढची सगळी भांडणं या दोन घराण्यांची आहेत. एक मध्यम उबेचं: लॅक्टोकॉकस लॅक्टिस आणि त्याचे भाऊबंद. हे २५ ते ३० अंशांवर सुखी असतात, चाळिशीच्या पुढे हातपाय गाळतात. लोण्याचा जो वास आपण ‘घरच्या दह्याचा’ म्हणतो तो यांचा. दुसरं कडक उबेचं: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गारिकस. यांना ४० ते ४५ लागतात. बल्गारिकस १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकानं जिनिव्हात आपल्या देशाच्या योगर्टमध्ये शोधला, म्हणून ते नाव. हे घराणं झटपट दही लावतं, घट्ट लावतं, पण चव योगर्टकडे झुकते, जराशी टोचरी.

घरच्या विरजणात दोन्ही घराण्यांचे लोक मिसळून नांदतात. स्वयंपाकघर किती ऊबदार, त्यावर कोणाचं पारडं जड ते ठरतं. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात तेच विरजण वेगळं वागतं आणि नाशिकच्या डिसेंबरात वेगळं.

घरचं कालचं दही: या परीक्षेत पहिला नंबर यालाच, पण दोन अटींवर. विरजण बाजूला काढायचं ते दही लागल्या लागल्या, कुणाचा उष्टा किंवा मिठाचा चमचा आत जायच्या आधी, आणि साय बाजूला सारून मधल्या घट्ट भागातून. झाकणाच्या छोट्या काचेच्या वाटीत फ्रिजमध्ये ठेवलं तर चार दिवस जोमात राहतं, आठवड्यानंतर आळसावतं. दुसरी अट, ते आंबट होऊ द्यायचं नाही. आंबट विरजण म्हणजे आम्लानं दमलेले जिवाणू आणि वर तयार आम्लाचा डोस; दूध लवकर गोळा होतं पण रवाळ होतं आणि पाणी सोडतं. ‘विरजण जास्त घातलं तर दही लवकर आणि घट्ट लागेल’ हा समज इथूनच बिघडवतो. लिटरभर दुधाला उन्हाळ्यात चहाचा एक चमचा पुरतो, पावसाळ्यात दीड-दोन, कडाक्याच्या थंडीत दोन मोठे चमचे. त्याच्या पुढे गेलात तर आंबटपणा विकत घेतलात.

गावाला जायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा विरजण गोठवून ठेवावं. महिना-दीड महिना चालतं. वापरताना फ्रिजमध्ये वितळू द्यायचं, कोमट पाण्यात नाही, आणि नेहमीच्या दीडपट घ्यायचं, कारण गोठताना काही जिवाणू मरतात. सून-मुलगी परदेशी निघाली की आजी जुन्या धुतलेल्या मलमलीच्या तुकड्याला घट्ट दही चोळून सावलीत खडखडीत वाळवून देते, ती युक्ती अडाणीपणाची नाही. त्यातले थोडे जिवाणू तग धरतात. पण पहिलं दही सैल आणि उशिरा लागणार, दोन-तीन खेपांनी सूर सापडणार, हे धरून चालावं.

पाकीटबंद दही विरजण म्हणून घेताना पुढची बाजू नाही, मागची बाजू वाचायची. घटकांत दूध, दुधाचे घनपदार्थ आणि लॅक्टिक कल्चर एवढंच असेल तर उत्तम. स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन असं काही दिसलं तर त्या दह्याचा घट्टपणा त्या पदार्थांचा आहे, जिवाणूंचा नाही. तुमच्या दुधाला तो मिळणार नाही. ‘हीट ट्रीटेड’ किंवा ‘थर्माइज्ड’ लिहिलेलं असेल तर ते खायला ठीक, विरजणाला निकामी: आंबवल्यावर पुन्हा तापवलेलं असल्यानं आतली वस्ती उठलेली असते. फळांचं, साखरेचं, वासाचं योगर्ट तर नकोच. तारीख पाहताना मुदत संपायला किती दिवस उरलेत त्यापेक्षा बनवून किती दिवस झालेत ते पाहावं. तीन-चार दिवसांचं ताजं पाकीट सगळ्यात चांगलं.

पाकिटाच्या दह्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी: ‘तसंच लावलं जसं घरचं लावते, पण सकाळी दूधच होतं.’ याचं कारण बहुतेक वेळा त्या घराण्यांत असतं. पुष्कळ कारखान्यांना काही तासांत दही लागलेलं हवं असतं, म्हणून कडक उबेच्या जिवाणूंवर भर असतो. ते दही पुण्याच्या थंडीत रात्रभर ओट्यावर ठेवलं तर ते रुसून बसणारच. दूध ४२-४३ अंशांचं घ्या, भांडं गुंडाळा, सहा तासांत लागेल. चव सौम्य, आंबटपणा मोजका, कड सुरेख. पहिली खेप देखणी. तिसरी-चौथी मात्र ढासळते: कारखान्यानं निवडून ठेवलेल्या प्रकारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण घरच्या उबेत टिकत नाही. मग तार सुटते किंवा नुसता आंबटपणा उरतो. आठवड्याला नवं पाकीट आणणार असाल तर घ्या. ‘एकदाच आणीन आणि वर्षभर चालवीन’ असा हिशेब असेल तर नको. प्रोबायोटिक दह्याचंही तसंच. त्यात मुद्दाम घातलेले जिवाणू दुधात फारसे वाढत नाहीत, त्यामुळे घरच्या दुसऱ्या पातेल्यात पाकिटावरचा गुण उतरेलच असं नाही.

कोरडं विरजण पुडीत येतं: पांढरी, हलकी, दाणेदार भुकटी. जिवाणू गोठवून निर्वातात वाळवलेले असतात. पुडी साधारण ग्रॅमभराची किंवा त्याहून कमी, आणि ती किती दुधाला ते वर छापलेलं असतं. अंदाजानं अर्धी पुडी घालून उरलेली चिमट्यानं बंद करून ठेवण्यात अर्थ नाही, हवेतला ओलावा लागला की ती गेली. घेताना दोन गोष्टी बघायच्या. मीसोफिलिक लिहिलंय की थर्मोफिलिक? पहिलं म्हणजे मध्यम उबेचं, दह्या-ताका-लोण्याला. दुसरं कडक उबेचं, योगर्टला. आणि साठवण कुठे? बहुतेकांवर फ्रिज किंवा फ्रीझर लिहिलेलं असतं, आणि मग ती भर मे महिन्यात तीन दिवस कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून फिरून दारात येते. मरत नाही पण दमते. मागवायची तर थंडीत मागवावी, आल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाकावी.

वापरायची रीत ओल्या विरजणापेक्षा वेगळी आहे आणि चूक नेमकी इथे होते. भुकटी दुधावर भुरभुरवायची, दोन-तीन मिनिटं भिजू द्यायची, मग सावकाश खालीवर करून मिसळायची. थेट घुसळली तर गुठळ्या होतात आणि दह्यात आंबट-गोड ठिपके येतात. वाळलेले जिवाणू जागे व्हायला वेळ घेतात, त्यामुळे ओलं विरजण सहा तास घेत असेल तिथे पुडीला आठ-दहा धरावेत. पाच तासांनी झाकण उघडून ‘फसवलं’ म्हणू नये. पहिलं दही पाचही प्रकारांत सगळ्यात गोडसर लागतं. श्रीखंडाच्या चक्क्याला हे फार चांगलं, कारण साखर कमी घालावी लागते. त्या दह्याचं विरजण पुढे पाच-सहा खेपा बरं चालतं. रोजच्या दह्याला मात्र महागच. ज्यांचं घरचं विरजण मेलंय, शेजारी मागायला कुणी नाही, परदेशातल्या थंड गावात घर आहे, त्यांनी दोन-चार पुड्या फ्रीझरमध्ये असू द्याव्यात. हौशी मंडळींसाठी आणखी एक: असे जिवाणू नीट नावानिशी जपून ठेवणारा संग्रह आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आहे. विरजणाची वंशावळ म्हणजे काय, ते तिथल्या याद्यांकडे पाहून कळतं.

मिरचीच्या देठांकडे बरेच जण जादू म्हणून बघतात. जादू नाही. ताज्या भाजीच्या सालीवर, देठावर लॅक्टिक आम्लाचे जिवाणू असतातच. पाव लिटर कोमट दुधात सात-आठ ताजे, हिरवेगार देठ बुडवायचे. टोपीसकट, थोडं मिरचीचं अंग लागलेलं असलं तरी चालेल. देठ फार चोळून धुवायचे नाहीत, नुसते पाण्यातून काढायचे. खसाखसा धुतलेत तर ज्यांच्यासाठी खटाटोप तेच नाल्यात गेले. ऊबदार जागी १० ते १२ तास, थंडीत त्याहून जास्त. जे लागेल ते दही म्हणून खायचं नाही. सैल असतं, कडवट किंवा तिखटसर छटा असते, आणि कुठले कुठले जिवाणू आलेत ते सांगता येत नाही. वास स्वच्छ आंबूस असेल तर त्यातला चमचाभर पुढच्या पाव लिटरला, त्यातला पुन्हा पुढच्याला. तिसरी पिढी पानात वाढण्याजोगी. वास कुजका, साबणासारखा किंवा यीस्टचा आला, पृष्ठभागावर बुडबुडे किंवा गुलाबी-नारिंगी डाग दिसले तर सगळं फेकून द्यायचं, भांडं उकळत्या पाण्यानं धुवायचं. दुकान बंद असल्याच्या दिवशी उपयोगी, एरवी कौतुकापुरतं. लिंबू पिळून किंवा चिंचेचा कोळ घालून दूध गोळा होतं ते दही नव्हे. तिथे फक्त आम्ल आहे, वस्ती नाही, आणि त्याचं विरजण पुढे चालत नाही.

आता यंत्र. दही मेकर म्हणून मिळणारं बहुतेक यंत्र म्हणजे तळाशी मंद तापणारी तबकडी, वर प्लास्टिकचं किंवा स्टीलचं भांडं आणि झाकण. किंमत साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात. साधी यंत्रं वीसेक वॅटची असतात. आठ तासांना ०.१६ युनिट, म्हणजे विजेच्या बिलाची चिंता नको. वरच्या वर्गात अनेक कामांचे कुकर येतात ज्यांत योगर्टचं बटण असतं. इन्स्टंट पॉटमध्ये ते मुळात आठ तासांवर लावलेलं असतं. बॉस्टन किंवा टोरांटोच्या जानेवारीत राहणाऱ्यांना हे बटण म्हणजे दुधात साखर. तिथे नसेल तर ओव्हनचा फक्त दिवा लावून आत भांडं ठेवण्याची रीत आहे. तीही चालते, फक्त कुणी ओव्हन चालू करणार नाही अशी चिठ्ठी दारावर लावावी.

यंत्र आणल्या दिवशी दूध घालू नये, पाणी घालावं. भांड्यात खुणेपर्यंत ४० अंशांचं पाणी, झाकण लावून चालू, चार तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरनं मोजायचं: एकदा तळाशी, एकदा वर. ४० ते ४४ आलं तर यंत्र चांगलं. ४७ च्या वर गेलं तर परत करावं. स्वस्त यंत्रांत तापमान आवरणारा भागच नसतो, बाहेर गरमी वाढली की आतही वाढते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात ते दही लावत नाही, शिजवतं. ३७ च्या खाली राहिलं तर तुमच्या घरचा कॅसरोल तेच काम फुकट करतो. तळ आणि वर यांत चार अंशांहून जास्त फरक असेल तर दह्याचा तळ रवाळ आणि आंबट, वरचा थर ढिला, असं दुमजली प्रकरण होणार. उंच, अरुंद भांड्यांत हे जास्त होतं. पसरट भांडं घ्यावं.

झाकण ही यंत्राची दुसरी दुखरी बाजू. आतली वाफ झाकणाला लागून दह्यावर ठिबकते आणि पृष्ठभागावर पाण्याची डबकी होतात. झाकणाखाली पातळ सुती फडकं ताणून लावलं की प्रश्न मिटतो. प्लास्टिकच्या भांड्याला महिन्याभरात आंबूस वास धरतो. तो घासून जात नाही, तर भांडं भरून पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा रात्रभर. स्टीलचं किंवा काचेचं भांडं मिळत असेल तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. आणि दही खायचं त्याच भांड्यातून काढत राहू नये. एकदा चमचा शिरला की जाळी मोडते, खड्ड्यात पाणी साठतं. छोट्या वाट्यांत लावलं तर प्रत्येक वाटी अखंड राहते. यंत्राच्या बरणीऐवजी आत पाणी घालून त्यात वाट्या ठेवायची युक्ती पसरट यंत्रांत छान जमते.

यंत्रं विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत, आणि या परीक्षेत आम्हाला सगळ्यात खटकली ती हीच. घरचं जुनं विरजण घेऊन रोज ४२ अंशांच्या यंत्रात दही लावलंत, तर पाच-सहा खेपांत त्या विरजणातलं मध्यम उबेचं घराणं मागे पडतं, कडक उबेचं सगळी जागा घेतं. दही घट्ट लागतं, वेळेवर लागतं, दिसायला जाहिरातीसारखं. फक्त ‘आपल्या घरचं’ लागत नाही. लोण्याचा वास जातो, चव टोचरी होते. मग लोक विरजणाला दोष देतात, दुकान बदलतात, दूध बदलतात. विरजण बिचारं काही करत नाही, त्याचा स्वभाव यंत्रानं बदललेला असतो. खरा विघ्नसंतोषी ओट्यावर प्लगला लावून ठेवलेला असतो. म्हणून घरचं विरजण यंत्रात न्यायचंच झालं तर तबकडी दोन तास चालू ठेवून बंद करावी आणि पुढचं काम साठवलेल्या उबेवर होऊ द्यावं, किंवा घरच्या विरजणाची एक वाटी यंत्राबाहेर, ओट्यावर, वेगळी जपावी. यंत्रासाठी पाकिटाचं किंवा थर्मोफिलिक पुडीचं विरजण ठेवावं. ही जोडी जमते, आणि छान जमते.

साय साठवून लोणी काढणाऱ्यांनी तर हे नक्की पाळावं. सायीला रोज थोडं घरचं, मध्यम उबेचं विरजण लावून डबा फ्रिजमध्ये, आणि घुसळायच्या आधी सहा-आठ तास ओट्यावर. तुपाचा दाणेदारपणा कढवण्यावर आहे, पण वास विरजणावर. यंत्रातल्या योगर्टी विरजणाचं तूप पिवळंधमक होईल, रवाळही होईल, पण भातावर घातल्यावर घर भरून वास येणार नाही.

यंत्राशिवाय दही लावायची रीत एकदा नीट सांगायला हवी, कारण घरचं किंवा पाकिटाचं, कुठलंही ओलं विरजण घेतलंत तरी ती तीच. दूध कोमट हवं, पण कोमट म्हणजे किती? करंगळी बुडवून दहा अंक मोजता आले, चटका नाही पण ऊब स्पष्ट, तर ४०-४३ च्या आसपास. मनगटावर थेंब टाकून काहीच जाणवलं नाही तर ते ३५-३७. उन्हाळ्यात घरच्या विरजणाला तेवढंच बस. करंगळी चारपर्यंतच टिकली तर थांबा. ५५-६० अंशांना विरजण मरतं, आणि मेलेलं विरजण दिसायला जिवंतासारखंच असतं, कळतं सकाळी. उलट बाजूनं, दूध थंड झाल्यावर लावलं तर काही मरत नाही, फक्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात दुसरे आगंतुक जिवाणू हात मारतात आणि दह्याला तार सुटते.

विरजण आधी वाटीत दोन चमचे दुधात फेटून एकजीव करायचं. पातेल्यात ओतून दूध दोन-तीनदा एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं, थोडा फेस येईपर्यंत. आतल्या कडांना विरजणाचं बोट फिरवायचं. चिनी मातीचा सट असेल तर तो आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचा, नाहीतर थंड सट दुधाची सगळी ऊब पिऊन टाकतो. मडकं चालतं, पाणी शोषतं म्हणून दही घट्ट वाटतं, पण ते रोज उन्हात वाळवायची तयारी हवी. मग झाकण, गव्हाच्या पिठाच्या डब्यात किंवा जुन्या शालीत, आणि हात लावायचा नाही. ‘लागलं का बघू’ म्हणून दर तासाला पातेलं हलवणारी व्यक्ती घरात असतेच. जाळी विणली जात असताना हलवलं की ती तुटते, परत विणली जात नाही, पाणी सुटतं.

लागलं ते ओळखायचं पातेलं जरासं कलवून: पृष्ठभाग एकसंध, खरवसासारखा थरथरला आणि कडेपासून किंचित सुटला की झालं. तेव्हाचं ते अदमुरं, गोडसर. तिथेच फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवलं तर घट्टपणा वाढतो, आंबटपणा थांबतो. कढीला, ताकाला आणखी दोन तास बाहेर ठेवा. श्रीखंडाला पूर्ण लागलेलं, किंचित आंबट, म्हणजे फडक्यात बांधल्यावर पाणी पटकन निथळतं. सहा-आठ तास टांगलेल्या दह्याचा चक्का अर्ध्याहून थोडा कमीच भरतो.

सगळं बरोबर केलं आणि तरी सकाळी दूध तसंच्या तसं, न नासता, न लागता? मग माशी बहुधा गोठ्यात शिंकली. कासेच्या आजारावर जनावराला प्रतिजैविक दिलं असेल आणि दूध न विकायला सांगितलेले दिवस न पाळता ते दूध बाजारात आलं, तर त्यातला उरलेला अंश विरजण मारतो. खात्री करायला त्याच विरजणाचा चमचा दुसऱ्या पिशवीच्या वाटीभर दुधाला लावा. ते लागलं तर दूध दोषी. सुटं दूध देणाऱ्याला सांगा. पिशवी असेल तर तो बॅच नंबर टिपून ठेवा.

आणि तो मिठाचा खडा? पेलाभर ताज्या दुधात चिमूटभर बारीक मीठ टाकून पाहा, काही होत नाही. दूध जुनं, आम्लाच्या उंबरठ्यावर आलेलं आणि उकळत असेल तर खडेमिठाचा खडा त्याला ढकलून देतो. दह्यात मात्र मीठ लागण्याआधी कधीच नको, जिवाणू मंदावतात. कोशिंबिरीतही ते ताटं मांडल्यावर. अर्धा तास आधी घातलं की काकडी पाणी सोडते, दही विरघळतं आणि वाटीत पांढरं सूप उरतं.

निकाल असा: रोजच्या पानाला घरचं विरजण आणि पिठाचा डबा, कुणी हरवू शकलं नाही. थंडीच्या गावात किंवा दोघंही नोकरी करणाऱ्या घरात पाण्याच्या परीक्षेत पास झालेलं यंत्र आणि ताजं पाकीट. श्रीखंडाच्या दिवशी पुडी. आणि फ्रीझरच्या कोपऱ्यात गोठवलेले चार खडे विरजण, रात्री अकराला दूध तापवल्यावर वाटी रिकामी दिसली तर.